उझी माशी : ओळखायची कशी?

कोण? रेशीम अळीवर जगणारी परजीवी माशी. शास्त्रीय नाव एक्सोरिस्टा बॉम्बायसिस, कुळ टॅकिनिडी. 1980 मध्ये पश्चिम बंगालमधून कर्नाटकात शिरकाव. छत्रपती संभाजीनगर–जालना पट्ट्यातील तुती रेशीम उत्पादकांशी थेट संबंध.

माशी की गांधीलमाशी? माशीला पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागी तोल राखणारे दोन छोटे दांडके. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या.

उझी की घरमाशी?
• छातीवर चार काळे उभे पट्टे : दोघींनाही. केवळ यावरून ओळख पटत नाही.
• लांबी : घरमाशी 6 ते 7 मिमी, उझी सुमारे 10 ते 12 मिमी.
• पोट : उझीचे टोकाकडे निमुळते, त्यावर राठ, उभे केस. घरमाशीच्या पोटावर असे राठ केस नाहीत.
• स्पर्शिकेवरील केस : घरमाशीचा पिसासारखा, उझीचा साधा.

संगोपनगृहातील खुणा
• अंडी : पांढुरकी, अर्ध्या मिमीच्या आसपास, रेशीम अळीच्या त्वचेला चिकटलेली.
• काळा डाग : उझीची अळी आत शिरल्याची जागा.
• छिद्र पडलेला कोष : उझीची अळी बाहेर पडल्याची खूण. धागा तुटल्याने असा कोष सलग धागा काढण्यास निरुपयोगी.
• उझीचा कोष : लालसर तपकिरी, लांबट गोल, जमिनीच्या भेगांत, कोपऱ्यांत.

परजीवी आणि परजीवाभ : उवा, गोचीड यजमानाला सहसा जिवंत ठेवतात, म्हणून परजीवी. उझीची वाढ यजमानाच्या मृत्यूने संपते, म्हणून काटेकोर अर्थाने ती परजीवाभ.