लाइन स्कॅन कॅमेरा आणि असमान प्रकाश: दुरुस्ती कधी करायची, कशी करायची

तीर्थपुरीच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात वरच्या फीडरमधून कागद टाकल्यावर प्रतीवर उभी काळी रेघ आलेली तुम्ही पाहिली असेल. कागद स्वच्छ असतो, पण काचेवर धुळीचा एक कण बसलेला असतो. कण एकच, मग रेघ पानभर का? या प्रश्नाचं उत्तर समजलं, की आजचा विषय निम्मा समजला.

एकच ओळ

साधा कॅमेरा अख्खं चित्र एका क्षणात टिपतो. लाइन स्कॅन कॅमेऱ्यात पिक्सेलची एकच ओळ असते. वस्तू समोरून सरकते, कॅमेरा ओळीमागून ओळ घेतो आणि त्या एकाखाली एक रचून चित्र बनतं. १७ मार्च १९८८ ला सोडलेल्या आयआरएस-१ए या आपल्या उपग्रहावरचा लिस-१ कॅमेराही याच तत्त्वाचा: २०४८ घटकांची ओळ, प्रत्येक घटकाला जमिनीवरचे ७२.५ मीटर, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटरचा पट्टा.

याचा परिणाम असा, की ५००व्या पिक्सेलला प्रकाश कमी पडला तर चित्राचा ५००वा स्तंभ वरपासून खालपर्यंत काळपट येतो. दिवा मधे प्रखर आणि कडांना मंद असतो, लेन्सही कडांना प्रकाश कमी देते, शिवाय प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी वेगळी असते.

आपला भाग कापसाचा, म्हणून तेच उदाहरण घेऊ. रुईची प्रत ठरवताना तिचं परावर्तन आणि पिवळेपणा मोजतात. समजा, पट्ट्यावरून सरकणारी रुई आपण अशा कॅमेऱ्याने तपासतोय. प्रकाश असमान असेल तर कडेची रुई मळकट दिसेल. रुई तीच, पण प्रत खालची लागेल. नुकसान शेतकऱ्याचं.

दोन संदर्भ, एक सूत्र

झाकण लावून काही ओळी घ्या, हा काळा संदर्भ. मग एकसारख्या पांढऱ्या टाइलच्या ओळी घ्या, हा पांढरा संदर्भ. दोन्हींची स्तंभानुसार सरासरी काढा. ४०० ओळींच्या सरासरीत यादृच्छिक गोंगाट २० पट कमी होतो.

दुरुस्त किंमत = (मूळ − काळा) ÷ (पांढरा − काळा) × लक्ष्य

लक्ष्य २४० धरू. मधला पिक्सेल: मूळ ११०, काळा १०, पांढरा २१०. उत्तर १२०. कडेचा पिक्सेल: मूळ ६०, काळा १०, पांढरा ११०. उत्तर पुन्हा १२०. म्हणजे रुई दोन्हीकडे सारखीच होती.

इथे फसू नका

पहिल्या वर्षी माझ्या प्रत्येक चित्रात एक चमकदार उभी रेघ यायची. मी दोन आठवडे ती नमुन्यात शोधत बसलो. धूळ पांढऱ्या टाइलवर होती! तिथे पांढरा संदर्भ कमी आला, भागाकार मोठा झाला आणि दुरुस्तीनेच रेघ कोरली. तेव्हापासून मी संदर्भ घेताना टाइल सरकती ठेवतो, म्हणजे कण एका स्तंभावर अडकत नाही.

पांढरा संदर्भ २५५ ला टेकला असेल तर तो निरुपयोगी, खरी किंमत किती ते कळतच नाही. गॅमा लावलेल्या किंवा जेपेग चित्रावरही हे सूत्र चालवू नका. कच्चा डेटाच घ्या.

आडवे पट्टे दिसले तर तो वेगळा आजार. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकतो. सेकंदाला १०,००० ओळी घेत असाल तर दर १०० ओळींनी पट्टा येईल. त्यावर स्थिर डीसी पुरवठ्याचा दिवा वापरा.

काही जण टाइल न घेता चित्राच्याच स्तंभांची सरासरी काढून दुरुस्ती करतात. उपग्रहाखाली टाइल धरता येत नाही, तिथे वाळवंटासारखा एकसारखा प्रदेश कामी येतो. पण पोलादी पत्र्यावर सरकण्याच्या दिशेने लांब ओरखडा असेल, तर ही पद्धत तो खराच दोष पुसून टाकते.

म्हणून शेवटी एक चाचणी कराच. तोच नमुना एकदा मधे आणि एकदा कडेला ठेवून मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच पुढचं विश्लेषण सुरू करा. प्रबंधात दुरुस्तीआधीचं चित्रही द्या. परीक्षक ते विचारतातच.