गटाची गाडी आणि इंजिनाची चाळणी



आजचा विषय आहे इंजिनाचा ऑइल फिल्टर, आणि तो चांगला कसा ओळखायचा. काही जणी लगेच म्हणतील, हे बायांच्या कार्यक्रमात कशाला? ते ड्रायव्हर बघेल, गॅरेजवाला मिस्त्री बघेल. मी एकच विचारते. ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे? टेम्पोचा हप्ता कुणाच्या खात्यातून जातो? गाडी आपली, कर्ज आपलं, आणि तिच्या पोटात काय घालायचं ते मात्र दुसऱ्यानं ठरवायचं, हे काही बरं नाही.

आता बचत गट फक्त शिलाई मशीन आणि पापडापुरते राहिले नाहीत. समाजकल्याण विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतल्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं घेता येतात. मर्यादा साडेतीन लाखांची. त्यात ३ लाख १५ हजार अनुदान आणि बाकीचा १० टक्के हिस्सा गटाचा, म्हणजे ३५ हजार रुपये. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, तिच्यात गटातल्या बायांनी गावातून प्रवासी गाडी चालवायची. शिवाय बँकेचं कर्ज काढून मालवाहू टेम्पो घेणारे गट आहेतच. आपल्याकडे भूमचा खवा असो, तुळजापूरच्या बाजारात जाणारा भाजीपाला असो, गाडी चालली तरच गटाचा धंदा चालतो.

आणि गाडी बंद पडते ती नेमकी कामाच्या दिवसांत. मृगाचा पाऊस पडला, रानात वापसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजला उभा राहिला तर भाडं जातं, आणि गटातल्या बायांची स्वतःची पेरणीही मागं पडते. हप्ता मात्र तारखेला कापला जातोच.

आता फिल्टर करतो काय ते बघू. टँकरचं पाणी आपण हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून गाळून घेतो. गाळ फडक्यावर राहतो, पाणी खाली जातं. इंजिनातही तसंच. इंजिनाच्या तळाला ऑइलचं चेंबर असतं. तिथून पंप ऑइल उचलतो आणि आधी फिल्टरमध्ये ढकलतो. तिथं ते घडीघडीच्या कागदातून गाळलं जातं आणि मग क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांच्याकडं जातं. फिरणाऱ्या दोन लोखंडांच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो थर आहे म्हणून लोखंडाला लोखंड घासत नाही.

त्या थरात बारीक खडा गेला तर? आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इंजिनाला झिजवणारे कण केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, डोळ्याला दिसतही नाहीत. ते येतात कुठून? धूळ हवेतून आत जाते, डिझेल जळून काजळी होते, आणि झिजलेल्या लोखंडाचा कीसही ऑइलमध्ये उतरतो. सोयाबीनची मळणी चालू असताना रानात किती धूळ उडते ते तुम्हाला मी काय सांगू. त्या धुळीला दारात अडवतो तो हवेचा फिल्टर. दारातून जे निसटलं, ते अडवायचं काम ऑइल फिल्टरचं. म्हणून दोन्ही नीट लागतात, एकानं भागत नाही.

पूर्वी गाड्यांना असा फिल्टर नसायचा. ऑइल लवकर घाण व्हायचं आणि सारखं बदलावं लागायचं. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श या दोघांनी ऑइल गाळण्याची युक्ती काढली. आज लहान टेम्पोपासून मोठ्या ट्रकपर्यंत सगळीकडं ती आहे.

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे बंद डब्यासारखा, आट्यावर फिरवून बसवायचा. दुसरा म्हणजे नुसतं आतलं एलिमेंट, ते इंजिनावरच्या भांड्यात बसतं. तुमच्या गाडीला कोणता, ते आधी बघून ठेवा.

डब्याच्या फिल्टरमध्ये कागदाशिवाय दोन झडपा असतात, त्या समजून घ्या. फिल्टरच्या तोंडाकडं बघितलं तर मध्ये मोठं भोक आणि भोवती बारीक भोकं दिसतात. ऑइल बाजूच्या भोकांतून आत जातं आणि गाळून मधल्या भोकातून बाहेर येतं. बाजूच्या भोकांच्या आत रबराची एक चकती असते. ही पहिली झडप. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली निथळू नये म्हणून ती असते. ती कडक किंवा हलकी असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, आणि सकाळी चावी फिरवल्यावर ऑइल वर पोचेपर्यंत इंजिन कोरडंच फिरतं. रोज सकाळी थोडं थोडं कोरडं फिरलं तर बेअरिंग किती दिवस टिकणार?

दुसरी झडप आणीबाणीची. फडक्यावर गाळ साचला की पाणी काठावरून ओघळून तसंच हंड्यात पडतं, हे आपण पाहिलंय. कागद तुंबला की ही झडप उघडते आणि ऑइल न गाळता पुढं सोडते. इंजिनाला अजिबात ऑइल न मिळण्यापेक्षा घाण ऑइल बरं, असा त्यामागचा हिशेब. पण फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ही झडप उघडीच राहते, आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो. हलक्या फिल्टरमध्ये तिची स्प्रिंग ढिली असते, त्यामुळं ती लवकरच उघडते. ती उघडली तरी लाल दिवा लागेलच असं नाही. तो दिवा ऑइलचा दाब दाखवतो, ऑइल स्वच्छ आहे का ते दाखवत नाही.

म्हणूनच हलका फिल्टर फसवा असतो. तो लावला म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. महिने जातात, हळूहळू ताकद कमी होते, धूर वाढतो, ऑइल जळायला लागतं, आणि मग एक दिवस मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावं लागतंय. तेव्हा त्या फिल्टरची कुणाला आठवणही नसते.

आता दुकानात गेल्यावर काय करायचं?

पहिली गोष्ट, नंबर. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात फिल्टरचा नंबर असतो, जुन्या फिल्टरवरही छापलेला असतो. "हाच बसतो बघा ताई, आटे सेम आहेत," असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. आटे जुळले म्हणजे आतली झडप जुळली असं नाही. कोणत्या इंजिनाला किती दाबाला उघडणारी झडप लागते ते कंपनीनं ठरवलेलं असतं. नंबर जुळला तरच घ्यायचा.

दुसरी गोष्ट, कंपनी. गाडीच्या कंपनीच्या नावाचाच डबा पाहिजे असा हट्ट नको. गाडी बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यांकडून घेतात. तशा नावाजलेल्या कारखान्याचा स्वतःच्या नावाचा फिल्टर थोडा स्वस्तही मिळतो. फक्त त्याच्या यादीत आपल्या गाडीचं मॉडेल आहे का, ते दुकानदाराला दाखवायला लावा.

तिसरी गोष्ट, खोका. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो, असा २०११ चा नियमच आहे. छपाई पुसट, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर मागंपुढं, खोक्यावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर वेगळा, असं काही दिसलं तर तो माल परत ठेवा.

चौथी गोष्ट, हातात घेऊन बघा. तोंडाची रबरी रिंग मऊ आणि खाचेत सरळ बसलेली हवी, तडकलेली नको. आटे स्वच्छ हवेत, गंज किंवा लोखंडाचा कीस नको. कानाजवळ हलवून बघा, आत काही खुळखुळलं तर घेऊ नका. एलिमेंट असेल तर कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आणि दोन्ही टोकांना पक्क्या चिकटलेल्या हव्यात. पापड लाटणारीला एक पापड कुठं जाड आणि कुठं पातळ ते बोटाला कळतं. ही नजर आपल्याकडं आहेच, ती फक्त इथं वापरायची.

पाचवी गोष्ट, पक्कं बिल. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. बिलावर फिल्टरचा नंबर लिहून घ्या. माल नकली निघाला तर हेच बिल आपला पुरावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १९१५. गाडी वॉरंटीत असेल तर बिल आणि सर्व्हिसचं पुस्तक दोन्ही जपा, नाहीतर ऐनवेळी दावा अडकू शकतो.

आता पैशाचं बोलू, कारण बैठकीत गाडी तिथंच अडते. समजा दोन फिल्टरच्या किमतीत दीडशे रुपयांचा फरक आहे आणि गटात दहा जणी आहेत. प्रत्येकीमागं पंधरा रुपये आले. फिल्टर शेकड्यांत मिळतो, इंजिनाचं काम निघालं तर बिल हजारांत जातं, आणि गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडं वेगळंच. दीडशे रुपये वाचवून ही जोखीम घ्यायची का, ते ठरावात मांडा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा.

चांगला फिल्टर आणला तरी तो नीट बसवला पाहिजे. बदलताना शक्यतो गटातली एक जण उभी राहा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती काढली नाही आणि वर नवीन बसवली तर ऑइल गळतं. नव्या रिंगला बोटानं थोडं नवं ऑइल लावायचं. फिल्टर हातानं फिरवायचा, आणि रिंग टेकल्यावर खोक्यावर लिहिलं असेल तेवढाच आवळायचा. पान्यानं करकचून आवळला तर रिंग चेपते. मग इंजिन चालू करून लाल दिवा विझतो का आणि कुठं गळतं का ते बघायचं. बंद करून थोड्या वेळानं पट्टीवर ऑइलची पातळी बघायची.

ऑइल बदललं की फिल्टर बदललाच पाहिजे. स्वच्छ पाणी मळक्या फडक्यातून कुणी गाळतं का? कुणी म्हणेल, एलिमेंट डिझेलनं धुऊन परत लावू. लावू नका. कागद धुतल्यानं आतली घाण निघत नाही, उलट कागद फाटतो. किती तासांनी बदलायचा ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं, टेम्पोला किलोमीटर असतात. नव्या गाडीची पहिली सर्व्हिस लवकर येते, ती चुकवू नका, कारण नव्या इंजिनातून लोखंडाचा कीस सुरुवातीलाच जास्त सुटतो. आणि जुना फिल्टर निथळल्यावर ठोकून चेपून टाका, म्हणजे तो रंगवून परत कुणाच्या गळ्यात मारता येणार नाही. काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजला द्या, ते जुनं ऑइल घेणाऱ्याकडं जातं.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय? नियमित हिशेब. मग गाडीचाही हिशेब ठेवू. गटाच्या रजिस्टरमध्ये गाडीसाठी दोन पानं सोडा. तारीख, मीटरचं वाचन, ऑइल कोणतं आणि किती, फिल्टरचा नंबर, दुकान, बिल नंबर, आणि त्या वेळी गटातली कोण हजर होती. एवढे सात रकाने. सचिव बदलली, ड्रायव्हर बदलला, तरी गाडीची माहिती गटाकडंच राहील.

ड्रायव्हरवर अविश्वास दाखवायला मी हे सांगत नाही. चांगल्या ड्रायव्हरला उलट बरंच वाटतं, कारण गाडी बिघडली की बोल त्यालाच लागतो. त्याला बैठकीला बोलवा, त्याच्यासमोरच नंबर वाचा. कुणी विचारलं, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" तर रजिस्टर उघडून दाखवा. बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हाही लोक हेच विचारत होते.

पुन्हा एकदा सांगते, ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या. नंबर जुळवा. नावाजलेली कंपनी बघा. खोका वाचा. हातात घेऊन तपासा. पक्कं बिल घ्या. आणि ऑइलबरोबर फिल्टर दर वेळी बदला.

येत्या बैठकीत एवढं करा. गाडीचं पुस्तक बाहेर काढा, फिल्टरचा नंबर शोधा, आणि रजिस्टरमध्ये त्या दोन पानांच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुस्तक हरवलं असेल तर विक्रेत्याकडून नंबर लिहून आणा. गटाकडं गाडी नसेल तर घरच्या मोटारसायकलपासून सुरुवात करा. तिलाही ऑइल लागतंच.