‘बघून घे’ म्हणजे नेमकं काय करू?

न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द जड आहे, पण माणसं आपल्या ओळखीची आहेत. ज्यांचा मेंदू ऐकण्याचं, वाचण्याचं, लक्ष देण्याचं काम चारचौघांपेक्षा वेगळ्या रीतीनं करतो, ती ही माणसं. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया ही त्यातली काही नावं. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा आपण सगळे त्या मुलासाठी रडलो. त्या वयाची मुलं आता कामाला लागलीत. बोर्डाच्या परीक्षेत त्यांना जादा वेळ मिळू शकतो, लेखनिक मिळू शकतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे सगळं संपतं.

समजा, जळगावच्या एमआयडीसीतली एक डाळमिल आहे. यंत्रांचा खडखडाट चालू आहे. सुपरवायझर जाता जाता ओरडतो, ‘ते तुरीचे कट्टे मागं लाव, गाडी आली की वीस बाहेर काढ, आणि तो कालचा माल जरा बघून घे.’ तीन कामं, एका दमात! एडीएचडी असलेल्याच्या डोक्यातून तिसरं ऐकेपर्यंत पहिलं निसटू शकतं. ऑटिझम असलेला पोरगा कदाचित कालचा माल खरंच बघून येईल. सांगितलं तेच केलं ना त्यानं? मोजायचा, झाकायचा की परत पाठवायचा, हे कोणी बोललंच नाही. पण ठपका बसतो कामचुकारपणाचा, आणि महिनाभरात त्याला घरी बसवतात.

तीच तीन कामं फळ्यावर खडूनं लिहिली तर? खर्च काय, एक खडू. मात्र डिस्लेक्सिया असलेल्याला लिहिलेलंच अवघड जातं. त्याला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, दोनदा ऐकेल. म्हणजे एकच उपाय सगळ्यांना लावून भागत नाही. धुळ्यात यंत्रमागावर एखाद्याला आवाजच सोसत नसेल, तर फळा काय कामाचा? त्याला कानावर लावायला मफ द्या, नाहीतर घडीच्या, तपासणीच्या कामावर घ्या.

आता कायदा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ आहेत. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. एडीएचडी मात्र यादीत नाही, आणि ही उणीव मला खटकते. खाजगी आस्थापनेनंही समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कोणत्या सोयी देणार ते त्यात लिहायचं, संपर्क अधिकारीही नेमायचा.

आणि प्रमाणपत्र? फळ्यावर लिहायला कशाला हवं ते! आपल्याकडे पोराचं लग्न जमायचं असतं. कागद बाहेर गेला तर नात्यागोत्यात बोभाटा होईल, म्हणून आईबाप लपवतात. तेव्हा मालकानं कागद मागत बसू नये. ‘तुला सांगितलेलं लक्षात राहतं, की लिहिलेलं?’ एवढंच विचारावं, आणि तेही सगळ्या कामगारांना. एकट्यालाच विचारलं, तर दुपारच्या डब्यापर्यंत अख्ख्या मिलमध्ये चर्चा झालेली असते.