पतवृत्त, स्थलांतरितांचे
पतवृत्त, स्थलांतरितांचे : नव्या देशात आलेल्या व्यक्तीच्या कर्जफेडीची तेथे साठत जाणारी नोंद. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व ट्रान्सयुनियन या खाजगी संस्था ठेवतात. तीवरून ३०० ते ८५० गुणांचा ‘फायको’ अंक (१९८९ पासून प्रचारात) काढतात. मायदेशातील नोंद तेथे सामान्यतः जमेस धरली जात नाही. त्यामुळे मुंबईत वीस वर्षे एकही हप्ता न चुकविणारा गृहस्थही तेथे अपरिचित ठरतो. घर भाड्याने घेतानाच त्याला हे प्रथम जाणवते. आरंभ बहुधा अनामत ठेवून मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाने होतो. खाते किमान सहा महिन्यांचे झाल्याशिवाय अंक निघत नाही. वेळेवर फेडीला त्यात सु. ३५ टक्के भार असतो. कर्जच न काढण्याची आपल्याकडील काटकसर येथे निरुपयोगी होय. चुकलेल्या हप्त्याची नोंद सात वर्षांपर्यंत राहू शकते.