गच्चीवरचं विमान कपाटात आणताना

वाघोलीत राहणाऱ्याला विमान बघायला कुठं जावं लागत नाही. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि तिच्या पूर्वेच्या टोकापासून आपण पाचेक किलोमीटरवर. पूर्वेकडून उतरायला येणारं विमान इथपर्यंत येतं तेव्हा त्याची चाकं खाली आलेली असतात, आणि गच्चीवरून शेपटीचा रंग सहज ओळखता येतो. असं रोज बघणाऱ्या घरात कधी ना कधी कुणाला तरी वाटतंच, की यातलं एखादं विमान हुबेहूब, छोट्या आकारात आपल्याकडे असावं. त्याची सुरुवात कशी करायची, ते क्रमानं पाहू.

आधी वस्तू समजून घेऊ. डाय-कास्ट म्हणजे वितळलेला धातू दाबानं पोलादी साच्यात भरून केलेलं ओतकाम. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. तिथे गाड्यांचे भाग बहुधा ॲल्युमिनियमचे ओततात. विमानांच्या मॉडेलसाठी मात्र जस्ताचा मिश्रधातू वापरतात. त्याला झामाक म्हणतात. त्यात जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि तांबं असतं. हा धातू चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो, म्हणून पंखांच्या पातळ कडासुद्धा नीट उठतात. धड आणि पंख धातूचे, तर अँटेनासारखे नाजूक भाग प्लास्टिकचे असू शकतात. ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर दिसणारी मोठी विमानं बहुतेक प्लास्टिकची किंवा फायबरची असतात. तो वेगळा प्रकार.

पुढची पायरी प्रमाणाची. खोक्यावर १:४०० असं छापलेलं असतं. याचा अर्थ, खऱ्या विमानाचे चार मीटर म्हणजे मॉडेलचा एक सेंटिमीटर. पुण्यात सर्वांत जास्त दिसणारं एअरबस ए-३२० सुमारे ३७.६ मीटर लांब आहे. या प्रमाणात ते ९.४ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे तळहातावर मावतं. बोइंग ७४७-४०० हे जम्बो साडेसतरा सेंटिमीटरच्या थोडं पुढे जातं. १:२०० घेतलं तर तेच जम्बो ३५ सेंटिमीटरचं होतं आणि एका फळीवर दोन-तीनच राहतात. १:५०० मध्ये ए-३२० साडेसात सेंटिमीटरचं. जर्मनीतल्या हेर्पा कंपनीनं हे प्रमाण लोकप्रिय केलं. जेमिनी जेट्स, फिनिक्स, एनजी, एअरोक्लासिक्स ही नावं १:४०० साठी घेतली जातात.

आपल्या फ्लॅटमधल्या कपाटांचा विचार केला तर १:४०० सगळ्यांत सोयीचं. पण कुठलंही घ्या, एकच घ्या. दोन प्रमाणांची विमानं शेजारी ठेवली की ए-३२० जम्बोएवढं दिसू लागतं आणि बघणाऱ्याला खऱ्या आकारांचा अंदाजच येत नाही. खेळण्यांच्या दुकानातली धातूची विमानं घेताना नेमकं इथंच फसायला होतं. ती सगळी पंधरा-सोळा सेंटिमीटरच्या एकाच खोक्यात बसतील अशी बनवलेली असतात. जम्बो असो की ए-३२०, लांबी तीच! लहान मुलाला द्यायला ती छान आहेत, पण संग्रहासाठी नकोत.

प्रमाण ठरलं की विषय ठरवा. आवडलं ते घेत गेलं की वर्षभरात फळी भरते आणि तिच्यात काही सूत्र राहत नाही. आपण स्वतः ज्या विमानांतून प्रवास केला ती जमवता येतील, किंवा फक्त पुण्याला येणाऱ्या कंपन्यांची. माझं मत विचाराल तर भारतीय कंपन्यांचा विषय सर्वांत समृद्ध आहे, कारण आपल्याकडे कंपन्या आल्या आणि फार लवकर गेल्या. किंगफिशरची उड्डाणं २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. कंपनी गेली की तिची विमानं दुसरीकडे जातात, त्यांच्यावर नवा रंग चढतो किंवा ती मोडीत निघतात. रंगसंगती, म्हणजे विमानाच्या अंगावरचा कंपनीचा सगळा वेश, मग फोटोत उरते आणि मॉडेलमध्ये. मॉडेल हातात फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येतं, हे त्याचं मोठं बळ आहे.

एअर इंडियाचं तर एकटीचंच कपाट होईल. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलेलं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान होतं: चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं, माशासारख्या बाकदार धडाचं. १९७१ मध्ये जम्बो आलं आणि प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका आला. राजवाड्याच्या खिडक्यांची ती ओळ कितीतरी वर्षं ओळखीची खूण होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीनं नवा वेश जाहीर केला. एप्रिल २०२४ मध्ये जुन्या जम्बोंपैकी एकानं मुंबई सोडताना पंख हलवून निरोप घेतला, त्याची चित्रफीत बहुतेकांनी पाहिली असेल. कॉन्स्टेलेशन, झरोक्यांचं जम्बो आणि नव्या वेशातलं विमान, ही तीन ओळीनं ठेवली तरी पाऊणशे वर्षं डोळ्यांसमोर येतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी: विमान वाचायला शिकणं. चांगलं मॉडेल ‘एअर इंडियाचं एक जम्बो’ असं मोघम नसतं. ते एका ठरावीक विमानाचं असतं, आणि ते कुठलं हे नोंदणीक्रमांकावरून कळतं. मोटारीच्या नंबरप्लेटसारखाच तो, धडाच्या मागच्या बाजूला लिहिलेला. भारतीय विमानांचा क्रमांक व्हीटीनं सुरू होतो, पुढे तीन अक्षरं. व्हीटी-ईबीडी म्हणजे ‘एम्परर अशोक’, आपल्या देशातलं पहिलं जम्बो. हेच विमान १ जानेवारी १९७८ ला वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं आणि त्यातले सर्व २१३ जण गेले. ते मॉडेल फळीवर ठेवणाऱ्याला ही गोष्ट माहीत असायलाच हवी. दुसरीकडे व्हीटी-एटीव्ही हे विस्ताराचं ए-३२० निओ (ए-३२० ची नवी आवृत्ती) होतं. जेआरडी टाटांच्या आठवणीसाठी त्याला जुन्या टाटा एअर लाइन्सचा वेश चढवला होता. नुसता रंग बघून एखाद्याला ते ऐंशी वर्षांपूर्वीचं वाटेल; क्रमांक पाहिला की उलगडा होतो.

क्रमांक कळला की त्या विमानाचे प्रकाशित फोटो शोधा आणि विकणाऱ्यानं दिलेल्या चित्राशी ताडून बघा. पंखाच्या टोकापासून सुरुवात करा. जुन्या ए-३२० ला तिथे वर-खाली निघालेली बाणासारखी छोटी पट्टी असते, नव्याला उंच वळवलेलं टोक असतं, त्याला शार्कलेट म्हणतात. मग इंजिन बघा. निओचं इंजिन जुन्यापेक्षा ठळकपणे जाड आहे, आणि निओमध्येसुद्धा दोन कंपन्यांची दोन वेगळी इंजिनं येतात. इंडिगोकडे दोन्ही प्रकारची विमानं आहेत. मग दारं मोजा, शेवटी शेपूट बघा. नेहमीची चूक अशी, की उत्पादक आपल्याकडे असलेलाच साचा वापरतो आणि त्यावर दुसऱ्याच विमानाचा रंग चढवतो. छपाई सुंदर असते, इंजिन चुकीचं असतं. घाईत हे दिसत नाही आणि एकदा दिसलं की नंतर दुसरं काही दिसत नाही.

या ताडून बघण्यासाठी स्वतः विमानतळावर कॅमेरा घेऊन जाऊ नका. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे छायाचित्रणाला बंदी आहे. आधीच प्रसिद्ध झालेले फोटो भरपूर आहेत.

खरेदी बहुतेक ऑनलाइन होते. चांगल्या १:४०० मॉडेलला काही हजार रुपये पडतात, आणि एका क्रमांकाचं मॉडेल साधारणपणे एकदाच, मर्यादित संख्येत निघतं. नव्या मॉडेलची घोषणा झाली की भारतातल्या विक्रेत्याकडे आगाऊ नोंदणी करणं हा नवख्यासाठी सगळ्यांत बिनघोर मार्ग. परदेशातून थेट मागवताना हिशेब चुकतो तो सीमाशुल्काचा. छोट्या प्रमाणातली मॉडेलं सरकारी वर्गवारीत खेळण्यांच्या शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून मागवण्याच्या दिवशीचा दर बघा. शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, टपालखर्च आणि विमा धरून लागतं, आणि जीएसटी वेगळा. स्वस्त दिसलेलं मॉडेल दारात येईपर्यंत दुपटीच्या जवळ जाऊ शकतं.

आणखी एक अडचण आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह लागतं. संग्राहकांच्या मॉडेलच्या खोक्यावर बहुधा १४ वर्षांपुढील व्यक्तींसाठी असल्याची सूचना असते. ती आहे ना, हे आधी विचारून घ्या. पार्सलच्या कागदावर ‘खेळणं’ असा मोघम उल्लेख असला तर तपासणीत ते अडकू शकतं. विक्रेत्याला ‘प्रौढ संग्राहकांसाठीचं मॉडेल’ असं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. किंमत कमी दाखवण्याच्या फंदात पडू नका.

पार्सल आलं की टेबलावर जाड टॉवेल पसरा आणि त्यावरच खोकं उघडा. आत मॉडेलच्या आकाराची प्लास्टिकची खाच असते. वरचा भाग सरळ वर उचला, तिरका ओढला तर अँटेना तुटते. विमान धडाला दोन बोटांनी धरायचं. पंखाच्या टोकाला किंवा शेपटीला धरून कधीच उचलायचं नाही. मग खिडकीच्या उजेडात निवांत तपासा. दोन्ही इंजिनं समोरून एका पातळीत आहेत का? पंख धडाला जिथे मिळतो तिथे फट आहे का? सगळी चाकं टेकतात का? अंगावरची अक्षरं पॅड-छपाईनं उमटवलेली असतात: कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ सिलिकॉनच्या गादीनं उचलून मॉडेलवर दाबायची, अशी ती पद्धत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दाब, त्यामुळे एखादा रंग केसभर सरकतो. कॉकपिटच्या काचा आणि धडावरून पंखामागे जाणारी रेघ या दोन जागा त्यासाठी बघा. दोष दिसला तर लगेच फोटो काढून विक्रेत्याला कळवा. आठवड्यानं केलेली तक्रार सहसा कुणी मनावर घेत नाही.

आता मांडणी, आणि इथे वाघोलीची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे दगडखाणी आहेत, खडीचे क्रशर आहेत, वर सतत चालू असलेलं बांधकाम. घरात येणारी धूळ ही नुसती माती नसते, तिच्यात काळ्या दगडाची बारीक कच असते. उघड्या फळीवर दोन दिवसांत पंखांवर करडा थर दिसतो. तो कोरड्या फडक्यानं पुसला की ती कच रंगावर घासली जाते आणि चकाकी कायमची जाते. म्हणून काचेची दारं असलेलं कपाटच हवं, आणि दारांच्या फटीला फोमची चिकटपट्टी. तरीही धूळ शिरली तर आधी कॅमेऱ्याच्या रबरी पंपानं हवा मारा, मग मेकअपच्या मऊ ब्रशनं नाकाकडून शेपटीकडे हलक्या हातानं झाडा. काच पुसायचं द्रव, सॅनिटायझर, थिनर जवळ आणू नका. छपाई निघून येते.

कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. उन्हानं पांढरा रंग पिवळा पडतो, लाल फिका होतो. स्वयंपाकघराच्या भिंतीलाही नको, फोडणीच्या वाफेचा तेलकट थर धुळीला घट्ट धरून ठेवतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रिकामी खोकी माळ्यावर टाकताना मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. त्यांना बुरशी लागली तर मॉडेलची किंमतही उतरते, कारण पुढे विकायचं झालं तर खोक्यासकट मॉडेलच मागतात.

जुनं मॉडेल घेताना जस्ताची कीड बघायची. मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतो, फुगतो, त्याला तडे जातात. यावर इलाज नाही. नव्या चांगल्या मॉडेलांत शुद्ध जस्त वापरतात, पण जुन्यात पंख वाकलेला, रंगाखाली फोड किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर कितीही दुर्मीळ असलं तरी सोडून द्या.

अँटेना किंवा चाक निघालं तर झटपट चिकटणारा डिंक मोठ्या थेंबानं लावू नका. त्याच्या वाफेनं आजूबाजूच्या रंगावर पांढरट झाक येते आणि ती जात नाही. साधा पांढरा फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन लावा, रात्रभर हलवू नका. हलक्या भागांना तेवढं पुरतं.

पहिल्या मॉडेलपासूनच एक वही करा: नोंदणीक्रमांक, विमानाची जात, उत्पादक, खरेदीची तारीख, शुल्कासकट पडलेली किंमत. शेजारी त्या खऱ्या विमानाची दोन ओळींत हकीकत लिहा, ते कधी आलं, कुठं गेलं. आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर घर बदलताना ही विमानं टेम्पोत चढवू नका. प्रत्येक विमान त्याच्या खाचेत, खाच खोक्यात, खोकी उभी न ठेवता आडवी, आणि ती पेटी आपल्याबरोबर गाडीत.