पिवळा दिवा आणि कोकणातला पाऊस
कोयना प्रकल्पामुळे अलोऱ्यात विजेची कामं जाणणाऱ्यांची वाण नाही, पण मोटारसायकलच्या मीटरवर इंजिनचं पिवळं चित्र पेटलं की भलेभले थेट चिपळूण गाठतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्ब्युरेटर जवळजवळ गेला; आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, ठरवतो, सेन्सरांच्या सांगण्यावरून.

बिघाड झाला की ईसीएम त्याचा कोड साठवतो. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत दिवाच लुकलुकून कोड सांगतो: लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. इतर गाड्यांना अ‍ॅडॉप्टर लावून ब्लूटूथ स्कॅनर चालतो.

पी०१२२ हा कोड आला की लोक थ्रॉटल सेन्सरच मागवतात. घाई करू नका! कोड फक्त एवढंच म्हणतो, की सेन्सरकडून येणारं व्होल्टेज फार कमी आहे. तार तुटलेली असेल, उंदरानं कुरतडली असेल, नाहीतर, आमच्याकडे नेहमीचं, तारांच्या जोडात, म्हणजे कपलरात, पाणी.

म्हणून आधी बॅटरी बघतो: गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १४. मग किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, आणि कपलर उघडायचा. पिनेवर हिरवट गंज दिसला, की चोर सापडला. काँटॅक्ट क्लीनर मारायचा, पूर्ण वाळू द्यायचं, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. मग जोडणी करून किल्ली चालू करायची; तरीही दिवा राहिला, तर सेन्सरला ५ व्होल्ट पोचतात का ते मल्टीमीटरनं तपासायचं. पोचत असतील आणि सेन्सरची तार ईसीएमपर्यंत शाबूत असेल, तरच नव्या सेन्सरचे पैसे काढा.

एबीएसचा, म्हणजे ब्रेकचा, दिवा पेटला तर मात्र गाडी जाणकाराकडेच न्या; समोर कुंभार्ली घाट आहे.