कापूसची भूल

आमच्या घरी ससा आला तो धाकट्या कन्येच्या हट्टापायी. ससा म्हणायचा, पण ती मादी, नाव कापूस. ती तीन वर्षांची झाली तेव्हा पशुवैद्य म्हणाले, "हिचं गर्भाशय काढून टाका. चार वर्षांपुढच्या माद्यांना तिथं कर्करोग फार होतो." मी ताबडतोब मान डोलावली. तसे ते म्हणाले, "शस्त्रक्रियेचं सोडा हो, काळजी भुलीची आहे!"

'भूल' शब्दाच्या छटा मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ही छटा मात्र मला नवी होती. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभरांहून अधिक दवाखान्यांत याची मोजदाद झाली. भुलीपायी दगावलेले कुत्रे हजारी दोनसुद्धा भरले नाहीत; ससे मात्र हजारी चौदाच्या घरात गेले!

सारी गोम सशाच्या घशात आहे. ससा श्वास घेतो तो नाकाने. तोंड लांबट नि चिंचोळे, पुढे दात, मागे मांसल जीभ. कुत्र्याचा घसा पाहून श्वासनलिकेत नळी सरकवता येते. इथे द्वार दिसतच नाही. मग डॉक्टर सशाची मान ताणून वर धरतात, पारदर्शक नळीच्या टोकाला कान लावतात आणि श्वासाचा आवाज ऐकत ऐकत, तो आत घेतला जात असतानाच नळी हळूच पुढे सारतात. दांडगाई केली की घसा सुजलाच! अलीकडे सशाच्या घशाबरहुकूम घडवलेली मऊ साधनेही निघाली आहेत. ती श्वासनलिकेच्या तोंडावर नुसती बसवायची.

"आदल्या रात्री उपाशी ठेवू ना?" सौभाग्यवतींनी विचारले.

"छे, छे! सशाला ओकताच येत नाही. उपास घडला तर आतडीच थंडावतील."

एकादशीवर श्रद्धा असलेल्या आमच्या घराला हे जरा जडच गेले.

"दोनदा प्रयत्न करीन," डॉक्टरांनी बजावले, "नाही जमलं, तर तशीच घरी न्या." कन्येने कापूसला त्यांच्या हाती दिले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पाऊण तासाने दार उघडले. नळी दुसऱ्या खेपेस गेली होती. कापूस उबदार कापडात गुंडाळलेली होती; इवल्या देहातली ऊब भुलीत झरझर उतरते म्हणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने कोथिंबिरीची काडी कुरतडली. तरीही डॉक्टरांचा फोनवर एकच प्रश्न, "लेंड्या टाकल्या का?" नऊच्या सुमारास पिंजऱ्यात चार लेंड्या दिसल्या, आणि कन्या ती वार्ता सांगत सगळ्या चाळीभर धावली.